चार हजार खोट्या शिफारशी

मित्रांनो, मला हात नाहीत, तोंड नाही, कपाटात ठेवावं असं अंगही नाही. तरीही मला जन्म आहे, वय आहे आणि एक मोठी जखम आहे. अकरा वर्षांपूर्वी अणदूरच्या भुवनेश्वरी मॅडमनी इंटरनेटवर लिहायला घेतलेला मी एक ब्लॉग आहे. माझं नाव 'शेळीचं दुखणं'.

मॅडम तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होत्या. शेळी रवंथ करत नाही, करडू दूध ओढत नाही, खुरात किडे झाले, अशी तीच ती विचारणा रोज व्हायची. "धा जणांला सांगून घसा बसतोय. एकदा लिहून ठेवलं की शंभर जणांला पुरंल," असं म्हणून त्यांनी एका बोटानं टाइप करत माझं पहिलं पान लिहिलं. त्यात बारा चुका होत्या. त्या सगळ्या त्यांच्या भाचीनं, शिवांजलीनं, सुधारल्या. शिवांजली तेव्हा नववीत होती. पुढं ती सोलापूरला कॉम्प्युटर शिकली, आणि मग लिहायचं आत्यानं, मला सांभाळायचं भाचीनं, असं ठरूनच गेलं.

ते माझे चांगले दिवस होते. नळदुर्गचा एक मोबाईल दुकानदार वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकांना मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. तेरखेड्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "तुमच्यामुळं माझी शेळी उभी राहिली." त्या दिवशी मॅडमनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. रोज अठराशे-एकोणीसशे माणसं माझ्याकडं येत. बहुतेकांना शोधयंत्र पाठवायचं. फोनला तोंडी विचारलं, 'शेळीचं पोट फुगलं', की चौथ्या नंबरला मी दिसायचो.

चौथा. मला त्याचं काही वाटत नव्हतं. शिवांजलीला मात्र तो आकडा सलत होता.

मग गेल्या वर्षी पोळ्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी जागा झालो, म्हणजे माझी मोजणी सुरू झाली, आणि दुपारपर्यंत माझ्याकडं फक्त एकतीस माणसं आली. मला वाटलं, वीज गेली असेल, कुठली तरी तार तुटली असेल. दुसऱ्या दिवशी सव्वीस आली. शिवांजलीनं स्वतःच्या फोनवर मला शोधलं. पहिल्या पानावर मी नव्हतो. पाचव्यावर नव्हतो. दहाव्यावरही नव्हतो. मी होतो, मित्रांनो, माझं एक अक्षरही पुसलं गेलं नव्हतं; पण जगाच्या लेखी मी नव्हतोच. सगळा गाव जागेवर आहे आणि गावाकडं येणारा रस्ताच कुणी उचलून नेला आहे, असं मला वाटलं.

शोधयंत्राकडून निरोप आला होता. त्यात लिहिलं होतं, 'या संकेतस्थळाकडं येणारे दुवे अनैसर्गिक आहेत. दंड म्हणून ते शोधातून खाली टाकलं आहे.'

दुवा म्हणजे काय ते सांगतो. एखाद्या पानावर माझं नाव असतं, त्यावर बोट ठेवलं की मी उघडतो. परक्या माणसाला पारावरच्या म्हाताऱ्यानं सांगावं, 'शेळी आजारी आहे ना, मग मॅडमकडं जा,' तशी ती शिफारस असते. ज्याच्या अशा शिफारशी जास्त, त्याला शोधयंत्र वर बसवतं. शिवांजलीनं माझ्या शिफारशींची यादी उघडली आणि ती खुर्चीत मागं सरकली. चार हजार दोनशे दुवे होते. जुगाराची संकेतस्थळं. वजन उतरवणाऱ्या गोळ्या. नावही वाचता येणार नाही अशा भाषांतली पानं. त्या प्रत्येकावर, कुठं तरी तळाशी, माझं नाव.

मी हादरलो. ज्यांच्या दारात मी कधी गेलो नाही, ते चार हजार तोंडांनी मला ओळखतो म्हणत होते.

"आत्या, कुणीतरी वैऱ्यानं केलंय हे," शिवांजली म्हणाली.

"शेळीच्या औषधाला कोण वैरी आसंल गं?" मॅडमनी विचारलं. शिवांजली कीबोर्डकडं वळली. तिनं ते सगळे दुवे 'आमचे नाहीत' म्हणून एका यादीत घालून पाठवले. सोबत अर्ज केला, 'अज्ञात व्यक्तीनं हा खोडसाळपणा केला आहे, दंड मागं घ्यावा.' तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अर्ज नामंजूर.

त्याच आठवड्यात ईरण्णा आला. जळकोटच्या पुढं कर्नाटकाच्या हद्दीजवळ त्याची वस्ती. मॅडमना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. गावात विचारत विचारत घर गाठलं होतं. ओट्यावर बसला आणि फोन पुढं केला.

"म्याडम, तुमचं पान कुठं गेलं वो? शेळ्या ओल्या लसूणघासात घुसल्या. पोटं फुगली. म्या फोनला इचारलं. दरवर्षी तुमचंच पान लागतंय म्हणून जे पैलं लागलं ते तुमचंच समजलो."

त्या पानावर लिहिलं होतं, 'शेळीची मान वर धरून तेलाची बाटली घशात ओता.'

मॅडमच्या हातातलं पाणी तसंच राहिलं. माझ्या पानावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मान वर धरून कधीही पाजू नका, तेल फुप्फुसात जातं. तोंड सरळ ठेवा, थोडं थोडं पाजा, आणि डॉक्टरांना बोलवा.'

"किती गेल्या?" त्यांनी हळू विचारलं.

"तीन. एक गाभण हुती." ईरण्णा रागावला नव्हता. तेच फार वाईट होतं. "तुमचं पान परत लावा, म्याडम. म्हणून आलो," एवढं बोलून तो उठला.

तो गेल्यावर शिवांजली भिंतीला टेकून उभी होती. "आत्या," ती म्हणाली, "वैरी कुणी न्हाय. मीच हाय."

मला ऐकू आलेलं खरं वाटेना. दंड बसायच्या वर्षभर आधी शहरातल्या एका कंपनीच्या माणसानं तिला फोन केला होता. चौथ्याचा पहिला नंबर करून देतो, एक महिना फुकट, म्हणाला होता. तिनं होकार दिला, आणि ते चार हजार दुवे कंपनीनं पेरले. मी दुसऱ्या नंबरवर गेलो तेव्हा तिनं पेढे आणले होते, पण कशाचे ते सांगितलं नव्हतं. त्या पेढ्यांच्या गोडीनं मीही फुगलो होतो, हे कबूल करतो.

मॅडमनी हातातलं पाणी खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ते खोटं हाय, हे तुला म्हाईत हुतं का?"

"निम्मं म्हाईत हुतं."

"मग आर्जात तेवढंच लिही. निम्मं म्हाईत हुतं, असं."

मित्रांनो, ज्या मुलीनं माझ्या पहिल्या बारा चुका सुधारल्या, तिच्याच हातची ही तेरावी होती. पण तिनं ती निस्तरलीही. दोन महिने ती रोज कामावरून आली की एकेका संकेतस्थळाच्या मालकाला पत्र लिहायची, 'आमचं नाव कृपया काढा.' बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं शिवी दिली. तीनशे अकरा जणांनी नाव काढलं. बाकीचे दुवे तिनं नाकारायच्या यादीत घातले, आणि दुसऱ्या अर्जात कंपनीला कधी होकार दिला, कुणी दिला, पहिल्या अर्जात काय लपवलं, सारं लिहून खाली स्वतःचं नाव घातलं.

सतरा दिवसांनी दंड उठला.

मला वाटलं, आता जुनी गर्दी परत येईल. तिथं शेवटची चपराक बसली. मी तिसऱ्या पानावर दिसू लागलो. खोट्या शिफारशींनी दिलेली उंची गेली ती गेलीच, आणि तेवढ्यात माझ्या जागी दुसरे बसले होते. आज रोज चारशे माणसं येतात. ती वाढताहेत, मुंगीच्या पावलानं.

दंड उठल्यावर मॅडमनी शिवांजलीला घेऊन ईरण्णाची वस्ती गाठली. घडलेलं सगळं त्यांना माझ्या पहिल्याच पानावर लिहायचं होतं, आणि त्यासाठी ईरण्णाची परवानगी हवी होती. शिवांजलीनं खाली मान घालून त्याला सगळं सांगितलं. ईरण्णानं ऐकून घेतलं. रिकाम्या दावणीकडं पाहत म्हणाला, "लिवा. पर 'तीन शेळ्या' म्हणून लिवू नका. त्यांस्नी नावं हुती."

म्हणून आता मला उघडलंत की औषधाच्या आधी तीन नावं दिसतात. काळी, लिंबी, गंगव्वा. त्यांच्याखाली एक ओळ आहे, 'यांना आमचं पान वेळेवर सापडलं नाही, त्याला आम्ही कारण आहोत.' खाली दोघींच्या सह्या आहेत.

मित्रांनो, मला मोठं करायचं असेल तर मला आधी वाचा. खरं वाटलं, उपयोगी पडलं, तर एखाद्याला माझं नाव सांगा. न वाचता घेतलेलं नाव मला नको. आणि कधी तुमच्या शेळीचं पोट फुगलं, तर जे पहिलं दिसेल त्यावर विसंबू नका. ते मी असलो तरी. आधी डॉक्टरांना फोन करा.