शाईची पिन

‘पेन’ म्हणताना माझा जबडा ‘पिन’ म्हणतानापेक्षा चार मिलिमीटर जास्त खाली येतो. बाथरूमच्या आरशासमोर हनुवटीला पट्टी लावून मी ते तीनदा मोजलं आणि सरासरी काढली. लग्नाआधी हा फरक शून्य होता.

आमच्या पूर्व केंटकीच्या डोंगरांत दोन्ही शब्द एकसारखेच उच्चारतात. घोटाळा होत नाही, कारण लिहायची ती ‘शाईची पिन’ आणि कापडाला टोचायची ती ‘सरळ पिन’. लग्न होऊन ओहायोतल्या कोलंबसला आले, तेव्हा माझ्या नवऱ्याने, कर्टिसने, पहिल्याच आठवड्यात हे हेरलं. मी पेन मागितलं आणि त्याने हातावर टाचणी ठेवली. मीही हसले. त्याला बारा वर्षं झाली. अजूनही पाहुणे यायचे असले की तो कॉलरच्या आतल्या बाजूला एक टाचणी खोचून ठेवतो.

तो कधी आवाज चढवत नाही. माझं वाक्य मध्येच थांबवतो, शब्द दुरुस्त करून देतो आणि मी तो पुन्हा म्हणेपर्यंत वाट बघतो. त्यामुळे मी प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून पाहते. कामावर, दुकानात, घरात एकटी असतानासुद्धा. बहिणीशी, ओपलशी, बोलायचं तर गॅरेजमध्ये गाडीत बसते आणि काचा वर करते.

मागच्या महिन्यात तिथूनच तिला सांगत होते. गावाकडच्या विहिरींचं पाणी तपासायला नवी प्रयोगशाळा निघाली होती आणि तिथे मला नोकरी मिळाली होती. बोलता बोलता आमच्या डोंगरांचं नाव आलं. मी ‘ॲपलेशा’ म्हणाले.

ओपलने विचारलं, “कोण बोलतंय?”

“अगं, मी. डेल्फा.”

“छे! आमची डेल्फा ‘ॲपलॅचा’ म्हणायची. ‘ॲपलेशा’ म्हणतात ते पूर आला की कॅमेरे घेऊन येणारे.” ती हसली. मला हसू आलं नाही. “बरं, येणार आहेस की नाही?”

“बघते.”

“किती बघशील? मोतीबिंदू होईल.”

नेमणुकीचा कागद तेव्हापासून माझ्या पर्समध्ये होता. सही करून सोमवारी सकाळपर्यंत पाठवायचा होता.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, कर्टिसचा मित्र मार्टिन आणि त्याची बायको शार्लट जेवायला आले. मी मक्याचा ब्रेड आमच्या पद्धतीने, साखर न घालता केला होता. कर्टिसने मधाची बाटली टेबलावर आणून ठेवली. शार्लटने मात्र मध घेतला नाही.

“डेल्फा, मला कृती लिहून दे ना,” ती म्हणाली.

कर्टिसने काटा खाली ठेवला. “थांब, थांब. मार्टिन, आता ऐक हं. डेल्फा, लिहायला काय लागेल तुला?”

त्याचा हात कॉलरकडे गेला. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. चार मिलिमीटर. मला ते सहज जमलं असतं.

“शाईची पिन,” मी म्हणाले.

मार्टिन खो खो हसला. कर्टिसने टाचणी माझ्या ताटाशेजारी ठेवली. “बारा वर्षं शिकवतोय रे! पुन्हा म्हण, डेल्फा. पे-न.”

मी म्हटलं नाही. तो वाट बघत राहिला. शार्लटने आपल्या पर्समधून पेन काढलं आणि माझ्याकडे सरकवलं. मी खुर्चीला अडकवलेल्या माझ्या पर्समधून कागद काढला, घडी उलगडली आणि सही केली.

“ही कृती आहे?” कर्टिसने विचारलं.

“नाही, नोकरीचा कागद आहे,” मी म्हणाले. “मी ॲपलॅचात परत चाललेय, कर्टिस. कायमची.”