बेड चारचे बहात्तर ठोके

दुपारचे चार वाजले की त्या हृदयरोग हॉस्पिटलच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा उरत नसे. खुर्च्या भरत, जिना भरे, आणि उरलेली मंडळी लिफ्टच्या दारात अशी खेटून उभी राहत की आजारी माणसाचं स्ट्रेचर अडकून पडे. स्ट्रेचरवरच्याचं कुणाला काय पडलंय! सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला चिकटलेले. आत अतिदक्षता विभागात पडलेल्या प्रत्येकाची नाडी त्या पडद्यावर आकड्यात दिसे. नातेवाइकांनी आत गर्दी करू नये म्हणून केलेली ही सोय. आता बाहेरच जत्रा भरली होती.

त्या बुधवारी बेड चारचा आकडा लाल होता. एकशे अडतीस.

ज्यांच्यासाठी ही गर्दी जमे, ते ठोकेबाबा उठले. अंगावर पांढराशुभ्र झगा, चेहऱ्यावर नुकतीच छान झोप झाल्याची कळा. त्यांनी तळहात पडद्यावर टेकवला आणि डोळे मिटले.

"शरीरा, गप्प बस," बाबा म्हणाले. "आत्म्या, तू बोल."

पडदा एकदा लुकलुकला. एकशे अडतीस गेले आणि हिरवेगार बहात्तर उमटले. मग एकाहत्तर, पुन्हा बहात्तर. हॉल टाळ्यांनी दणाणून गेला. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती पहिल्या रांगेतली शिंपीणबाई. तिचा नवरा, कपडे शिवणारा साधा माणूस, महिन्यापूर्वी याच हॉस्पिटलात बाबांच्या आशीर्वादाने 'शांतपणे' गेला होता. तेव्हापासून ती रोज येई आणि नव्या लोकांना धीर देई.

मागे खांबाला टेकून एक बाई हाताची घडी घालून उभी होती. हॉस्पिटलातली सगळी केबल तिनेच ओढलेली, म्हणून तिला सगळे वायरवाली म्हणत. बेड चारवर तिचा सख्खा मोठा भाऊ होता.

दादा बस चालवायचा. त्याच्या हृदयाची एक झडप फाटली होती. डॉक्टरीणबाईंनी सोमवारीच सांगितलं होतं, "ऑपरेशन करा. आज दहात नऊ वाचतात, दर दिवसाला एकेक कमी करत जा." आता गुरुवारची सकाळ झाली होती. संमतीचा कागद तसाच कोरा पडला होता.

"दादा, सही कर रे बाबा," ती आत जाऊन म्हणाली.

"कशाला?" दादाला दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागत होता. "बहात्तर... झालेत माझे."

"अरे, तुझ्या उशाशी यंत्र आहे. त्यावर एकशे चाळीस आहेत. नर्सला विचार, ते एकदाही खाली आलेले नाहीत."

"हे यंत्र शरीर मोजतं. बाहेरचा पडदा... आत्मा मोजतो. बाबांनी समजावलंय."

"आणि ही छाती धडधडतेय ती कुणाची?"

"ती... शरीराची."

वायरवालीला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. आठशे रुपयांचं डिझेल जास्त लागलं तरी इंजिन खोलून बघणारा हा माणूस! स्वतःचं इंजिन फुटायला आलंय आणि हा आत्म्याच्या गप्पा मारतोय.

वहिनी तर फणकारलीच. "ताई, तुमचं शिक्षण तुमच्यापाशी ठेवा. डॉक्टरांना चिरायची घाई, तुम्हाला शहाणपणा मिरवायची. माझं कुंकू बाबांनी राखलंय."

हॉस्पिटलच्या मालकांकडे जाण्यात अर्थ नव्हता. त्यांना हॉलमधली गर्दी फार आवडत होती.

पण वायरवाली काही फक्त खांबाला टेकून उभी राहणारी बाई नव्हती. मंगळवारीच तिने जिन्याखालच्या कपाटात, जिथे सगळ्या केबल एकत्र येतात, एक जुना कॉम्प्युटर जोडून ठेवला होता. काम एकच: तारेतून जे जे जाईल ते साठवायचं. उशाजवळचं प्रत्येक यंत्र दर सेकंदाला पडद्याकडे एक छोटं पॅकेट धाडतं. त्यात पाठवणाऱ्याचं नाव असतं, वेळ असते, पेशंटचा दाखल क्रमांक असतो आणि नाडीचा आकडा असतो. तीन दिवसांची लाखो पॅकेटं तिच्याकडे साठली होती.

तिने ती उघडली. वेळेप्रमाणे लावलेली यादी: बेड चार, बेड चार, बेड चार. ओळींमागून ओळी गेल्या, डोळे दुखायला लागले. सगळं सरळच दिसत होतं. लबाडीला वेळेची रांग फार मानवते, खऱ्याच्या शेजारी उभं राहिलं की झालं.

मग तिने रांग मोडली. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून निघतानाच एक नंबर मिळतो. तो प्रत्येक पॅकेटवर उमटतो. नाव कुणीही लावावं, पण तो नंबर बदलायचं सहसा कुणाला सुचत नाही. तिने यादी त्या नंबरानुसार लावली आणि बेड चारचे दोन तुकडे पडले. एक लांबच्या लांब, दादाच्या उशाचं यंत्र. दुसरा आखूड: रोज चारनंतर अकरा मिनिटं बोलणारं, खऱ्याच्या मागोमाग डोळा लवायच्या आत आपलं पॅकेट सरकवणारं, कुठलं तरी भलतंच यंत्र. आणि पडदा बिचारा शेवटी जे येईल ते दाखवणारा!

तिने मंगळवारची अकरा मिनिटं आणि बुधवारची अकरा मिनिटं शेजारी शेजारी ठेवली. सहाशे साठ आकडे. एकही वेगळा नाही. सातव्या मिनिटाला कुणीतरी खोकल्यासारखी नाडी उडते, दोन्ही दिवशी, त्याच सेकंदाला.

"मेल्यांनो," ती स्वतःशीच म्हणाली, "निदान रोज ताजं खोटं तरी बोलायचंत."

पॅकेटांचं पोट उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. चोरांनी बेडचा नंबर बदलून चार केला होता. दाखल क्रमांक बदलायला विसरले होते. दादाचा क्रमांक ४५०२. या पॅकेटांत होता ४४१७. तो कुणाचा, हे तिला ठाऊक नव्हतं.

चार वाजले. बाबांचा हात पडद्यावर गेला, बहात्तर उमटले, टाळ्या झाल्या. त्या वेळी वायरवाली आत होती. नर्सला दादाजवळ उभं करून तिने त्याच्या यंत्राची केबल पडद्याकडे जाणाऱ्या खाचेतून उपसली, गुंडाळली आणि ते भेंडोळं हातात आणि लॅपटॉप काखेत घेऊन थेट हॉलमध्ये आली.

"ही बेड चारची वायर," ती ओरडली. "आत्ता काढली. आता सांगा, हे बहात्तर कुठून येताहेत?"

सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. पडद्यावर बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर.

बाबांनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत. "बाळ, आत्म्याला वायर लागत नाही."

आणि काय सांगावं, लोकांनी टाळ्या वाजवल्या! आधीपेक्षा जोरात. वहिनी तर रडलीच आनंदाने. तुटलेली वायर डोळ्यांसमोर लोंबत असताना चमत्कार दुप्पट झाला होता.

वायरवालीच्या कानशिलांतून जाळ निघाला. तिने लॅपटॉप उघडून वर धरला. "बरं. आत्म्याला वायर लागत नाही. मग दाखल क्रमांक कशाला लागतो? माझ्या भावाचा पंचेचाळीसशे दोन. हा आत्मा रोज चव्वेचाळीसशे सतरा सांगतोय."

पहिल्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या.

"काय म्हणालीस?" शिंपीणबाई उठली. "पुन्हा सांग."

"चार, चार, एक, सात."

शिंपीणबाईने पर्स उघडली. चार घड्या घातलेला एक कागद काढला. उलगडायची गरज नव्हती, तरी तिने उलगडला.

"हा नंबर आमचा आहे. यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरचा."

लोक माना वाकवून कागदाकडे बघू लागले. फक्त बाबांचा चेला, पडद्याखालच्या प्लगपाशी बसलेला, हळूच झोळी उचलायला लागला. जिन्याजवळच्या वॉर्डबॉयने त्याचं मनगट धरलं. झोळीत तळहाताएवढी एक डबी निघाली, तिची वायर भिंतीत गेलेली. वॉर्डबॉयने ती उपटली. पडद्यावर बहात्तरच्या जागी नुसती रेघ आली.

"पहिल्या दिवशी, इंजेक्शननंतर तेवढेच हे शांत निजले होते," शिंपीणबाई अगदी सावकाश बोलत होती. "तेव्हाची नाडी चोरलीत? तीच सहा दिवस मला दाखवलीत? ते आत मरत होते आणि तुम्ही मला त्यांचीच झोप दाखवत होता?"

"माई, हे सूक्ष्म आहे," बाबा म्हणाले. आवाज थोडा चिरकला. "ठोके अमर असतात..."

"आणि मी! चार दिवस मी माझ्या मेलेल्या माणसाच्या नाडीला टाळ्या वाजवल्या!"

तिने बाबांना हातही लावला नाही. ते काम गर्दीने केलं, मघाशी टाळ्या वाजवणाऱ्याच हातांनी, आणि पोलीस येईपर्यंत मन लावून केलं. कालपर्यंत पाया पडणारे आज लाथा घालत होते. डोकं तेव्हाही वापरलं नव्हतं, आताही नाही.

शिंपीणबाई सरळ आत गेली. दादाच्या छातीवर कागद ठेवला आणि त्याच्या बोटांत पेन खोचलं. "माझ्या माणसाने केली नव्हती. तुम्ही करा."

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनीने मान खाली घातली. त्याने सही केली.

डॉक्टरीणबाईंनी कागद उचलला. "सोमवारी दहात नऊ होते. आज सहा," एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

दादा वाचला. अर्धा वाचला म्हणा. चार दिवसांत हृदयाने जे गमावलं ते परत आलं नाही. तो बस चालवत नाही, दहा पायऱ्या चढला की बसतो. वहिनी त्याच्यासाठी पाणी घेऊन जिन्यात उभी असते. वायरवालीशी ती अजून नीट बोलत नाही.

हॉलमध्ये पडदा आहे. शिंपीणबाईही आहे, त्याच पहिल्या रांगेत, रोज चार वाजता. कुणी नवं माणूस पडद्याकडे बघून हात जोडायला लागलं की ती त्याला उठवते.

"तो आकडा कुठून आला, ते आधी विचारा," ती सांगते. "विचारलं म्हणून देव रागावत नाही. रागावतो तो चोर. आणि तेही जमत नसेल तर आत जा, आपल्या माणसाच्या मनगटावर दोन बोटं ठेवा, आणि मोजा. त्याला वायर लागत नाही, बाबा लागत नाही."

मग पर्समधला तो कागद चाचपते.

"मी सहा दिवस इथे बसून पडदा बघितला. एकदाही आत जाऊन त्यांचा हात धरला नाही."