तळहातावरची अक्षरं

मी एक हात बोलतोय. अख्खा नव्हे, वीतभर चांदीची दांडी आणि तिच्या टोकाला बोराएवढी मूठ. त्या मुठीतलं एकच बोट पुढे आहे, बाकीची मिटलेली. ज्यांनी मला वापरलं ती माणसं ज्यू. त्यांच्या प्रार्थनाघरात, सिनेगॉगमध्ये, तोराची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी असते. कातड्यावर हाताने लिहिलेली, उलगडत गेलं तर संपता संपत नाही. ती वाचताना तिला माणसाचं बोट लावायचं नाही, घामाने शाई जाते. म्हणून ओळीवरून मला फिरवायचं. बोट माझं, तोंड वाचणाऱ्याचं.

मला घडवणारा सोनार ज्यू नव्हता. त्याने गिऱ्हाइकाला विचारलं, "बोट कुणाकडे दाखवायचंय?"

"अक्षराकडे."

"मग बरंय," सोनार म्हणाला. "माणसाकडे दाखवायचं असतं तर मी घडवलं नसतं." आणि खूश होऊन त्याने माझ्या बोटाला एक नख कोरून दिलं, फुकटात.

सिनेगॉगमध्ये मी साखळीने गुंडाळीलाच टांगलेला असायचो. दर शनिवारी सकाळी खाली उतरायचो. पण माझा खरा जीव अडकायचा तो पोरांत. त्यांच्यात तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा पहिल्यांदा सगळ्यांसमोर तोरा वाचतो आणि त्या दिवसापासून मोठ्यांत धरला जातो. किती पोरांचे तळवे मला माहीत आहेत! कुणाचा ओला, कुणाचा थंडगार, कुणाची नखं पार कुरतडलेली. एकाने तर मला असं गच्च धरलं होतं की शेजारी उभे असलेले मास्तर कुजबुजले, "अरे, हळू. लढाईला नाही चाललास."

हे मास्तर म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासणारे कारागीर. पगार तिथला, जीव इथला. सिनेगॉगच्या मागच्या खोलीत ते पोरांना अक्षरं शिकवायचे. बावीस अक्षरं, फळा, खडू आणि डुगडुगणारी दोन बाकं. सुरुवातीला बाकांवर जागा पुरायची नाही.

पुढे एकेक कुटुंब समुद्रापलीकडे निघून गेलं. जाताना कुणी आपल्या घराण्याने दिलेली गुंडाळीही बरोबर नेली. पाच होत्या, शेवटी एक उरली. पोरंही तशीच उरली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि जी होती त्यांच्या आईबापांना घाई.

"मास्तर, तीन महिन्यांत उभा करा पोराला. मग त्याची परीक्षा आहे."

"तीन महिन्यांत अक्षरं नाही होत."

"अक्षरं राहू द्या हो. त्या दिवसापुरतं म्हणता आलं म्हणजे झालं."

मास्तरांनी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर पोरगं यायचंच नाही, या धास्तीने ते हो म्हणाले. टेप आणला. स्वतःच्या आवाजात सगळे उतारे भरले. पोरं ऐकून ऐकून पाठ करू लागली, गाणं पाठ करावं तशी. तेराव्या वर्षी उभी राहायची, खणखणीत म्हणायची. आया डोळे पुसायच्या, आजोबा मंडळी माना डोलवायची.

मला मात्र कळायचं. पोराचं तोंड तिसऱ्या ओळीत आणि मी अजून पहिलीत. कधी मी ओळ सोडून कोऱ्या कातड्यावर भटकायचो. मग मास्तर हळूच पोराच्या मनगटाला बोट लावून मला जागेवर आणायचे. समोरच्यांना वाटायचं, माया करतायत. ही लबाडी त्यांना ठाऊक होती आणि मला. वर्षांमागून वर्षं गेली. सगळ्या सिनेगॉगमध्ये खरोखर वाचू शकणारे एकटे मास्तर उरले आणि त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला.

मास्तरांना दोन नातवंडं. थोरला एकोणीस वर्षांचा, तोंडाने तिखट. त्याच्यापेक्षा वर्षाने लहान नात. लहानपणी भिंतीआडून ऐकून सगळ्यांच्या आधी उतारे म्हणून दाखवायची, म्हणून तिचं नाव पडलं मैना. दोघंही टेपवरच वाढलेली.

मग तो शनिवार आला.

मास्तर वाचत होते आणि मी एका अक्षरापाशी अडलो. त्याच्या पायाची शाई झडली होती. आता ते तेच अक्षर होतं की दुसरंच झालं होतं, सांगता येईना. मास्तरांनी नाक कातड्याला टेकेपर्यंत मान वाकवली.

"काय झालं?" सिनेगॉगचे सेक्रेटरी पुढे आले. त्यांचं औषधाचं दुकान आहे, बोलणंही चिठ्ठीवर लिहिल्यासारखं तुटक.

"पाय झडलाय."

"थोडा की पुरता?"

"तेच तर कळत नाही."

अशा वेळी त्यांच्यात मोठ्यांचा शब्द चालत नाही. ज्याला अर्थ ठाऊक तो तुटकं अक्षरही मनाने भरून वाचतो. म्हणून लहान मूल बोलावतात. त्याला अक्षरं यायला हवीत, अर्थ यायला नको. फार शहाणं नको, अगदी बावळटही नको. ते जे दिसेल ते सांगतं. त्याने बरोबर ओळखलं तर गुंडाळी चालेल. नाही ओळखलं तर ती बांधून बाजूला ठेवायची, लिहिणारा कारागीर येऊन दुरुस्त करीपर्यंत. आणि तो कारागीर समुद्रापलीकडे. आधीच्या डागडुजीसाठी चार पत्रं गेली होती, उत्तर एकाचंही नाही.

"पोरगं बोलवा," सेक्रेटरी म्हणाले.

त्या दिवशी तीन मुलं होती. पहिला आला बेकरीवाल्याचा नातू, नऊ वर्षांचा. बेकरीवाल्याची छाती फुगली. "याला आत्तापासून अख्खा उतारा पाठ आहे, विचारा काय ते!"

मुलगा स्टुलावर चढला. मास्तरांनी आजूबाजूची अक्षरं कापडाने झाकली. मला त्या एका अक्षरावर धरलं. "बाळा, हे काय आहे?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि गायला सुरुवात केली.

"नाही, नाही. गाऊ नकोस. हे एकच. याचं नाव सांग."

"एकच कसं सांगू? पहिल्यापासून म्हणू?"

मागे कुणीतरी हसलं. दुसरा मुलगा म्हणाला, "हे टेपवर नव्हतं." तिसरा बापाच्या कोटामागून बाहेरच येईना.

हसू विरलं. सेक्रेटरींनी विचारलं, "मास्तर, इतकी वर्षं शिकवताय. एकालाही अक्षर येत नाही?"

मास्तरांनी वर बायकांच्या सज्जाकडे पाहिलं. तिथे मैना कठडा धरून उभी होती. तिलाही येत नव्हतं. तिने नकारार्थी मान हलवली. तेवढ्या अंतरावरचं मास्तरांना दिसत नव्हतं, पण ते समजले. त्यांनी मला खाली ठेवलं. गुंडाळी मिटली. वापरात नाही याची खूण म्हणून तिचा पट्टा कापडाच्या वरून बांधला.

नंतर पायऱ्यांवर जे झालं ते उघड्या दारातून आत ऐकू येत होतं.

"आजोबा, शाळेत मला ज्यू म्हणून पोरांनी धुतलं," थोरला म्हणत होता. "इथे ज्यू म्हणून मी नापास. मग पास कुठे होऊ, तेवढं सांगा."

"तोंड सांभाळ," सेक्रेटरी ओरडले. "मास्तर आहेत ते."

"मास्तर आहेत म्हणूनच विचारतोय. बेकरीवाल्याला विचारू का? फॉर्मवर एक रकाना असतो, धर्म. त्यात 'ज्यू' लिहितो आणि हात थांबतो. एवढा एकच शब्द आहे आमच्याकडे. त्याच्या पुढचं काहीच नाही."

मग मास्तरांचा आवाज आला. "त्याचं बरोबर आहे. मी तुम्हाला अक्षरं दिली नाहीत, माझा आवाज दिला. तुम्ही पोरं टिकावीत म्हणून दिला रे. चूक माझी आहे."

थोरला महिन्याभरात दुसऱ्या गावी नोकरीला गेला. तो रकाना आता कोरा सोडतो, असं त्याने फोनवर बहिणीला सांगितलं.

गुंडाळी बांधली तशी माणसं पांगली. वाचनच नाही तर जमायचं कशाला? सेक्रेटरींनी मला कापडात गुंडाळून मास्तरांच्या घरी आणून दिलं. "ठेवा तुमच्याकडे. तिथे आता काय दाखवायचंय?" मी टेबलाच्या खणात पडलो, औषधाच्या पट्ट्या आणि निरुपयोगी चष्मे यांच्या शेजारी. पावसाळा सरेपर्यंत मास्तरांचा उजेड पुरता गेला. खिडकीपाशी खाट, खाटेवर ते. दिवस की रात्र, हेही विचारावं लागे.

एके दिवशी दुपारी खण उघडला. मैना होती. ती दवाखान्यात लोकांचं रक्त तपासणीसाठी काढते. अंग चोरणाऱ्या माणसाचा हात कसा धरावा हे तिला चांगलं कळतं.

"आजोबा, मला अक्षरं शिकवा."

"माझे डोळे गेले, मैना. फळ्यावर काय काढू, अंधार?"

"मी काढते. तुम्ही नाव सांगा."

"मोबाईलवर सगळं असतं म्हणे."

"असतं. पाहिलंय मी. पण मोबाईलला मी शिकले काय, न शिकले काय, सारखंच. तुम्हाला सारखंच आहे का?"

मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "कशाला हवंय तुला? दवाखान्यात कोण विचारतं?"

"विचारतात ना. आडनाव वाचून विचारतात, तुम्ही कोण? मी सांगते, ज्यू. म्हणजे काय, असं विचारलं की मला तुमचा उतारा आठवतो. सगळा पाठ आहे, टेपवरच्या तुमच्या खोकल्यासकट. शब्द कुठे संपतो आणि खोकला कुठे सुरू होतो, तेवढंच कळत नाही."

मास्तर हसले. हसता हसता तोंडावर हात घेतला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग तोच हात त्यांनी उताणा करून पुढे केला.

मैनाने मांडीवर छापील पुस्तक उघडलं. पुस्तकातला आकार बघत तिने माझ्या बोटाने तो त्यांच्या तळहातावर काढला. जन्मभर मी माझ्या जन्माआधीच शाईने लिहून ठेवलेली अक्षरं दाखवली. पहिल्यांदाच मी स्वतः लिहीत होतो.

"आलेफ," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुसरं. "हे बेथ. बेथ म्हणजे घर. तीन बाजूंना भिंती, एक बाजू उघडी ठेवलीय बघ. पोरांना आत येता यावं म्हणून."

दवाखाना सुटला की मैना यायची, चप्पल काढायची आणि खाटेवर बसायची. कधी एक अक्षर, कधी मागचंच पुन्हा. अकरा झाली. बारावं लामेद. सगळ्यांत उंच, मान ओळीच्या वर काढणारं. ते काढलं त्या दिवशी मास्तरांना ताप होता. ते म्हणाले, "गिमेल."

गिमेल तिसरं. मैनाला ते येत होतं. तिची बोटं माझ्याभोवती गार पडली.

"बरोबर, आजोबा," ती म्हणाली. ते झोपल्यावर तिने मोबाईलवर बाराव्याचं खरं नाव शोधलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आलेफलाही भलतंच नाव दिलं. "बरोबर, आजोबा." तिसऱ्या दिवशी तेच. मी धातू नसतो तर किंचाळलो असतो. अगं पोरी, नको! मायेपोटी केलेली एक लबाडी मी एका पिढीभर वाहिलीय. तिचं काय होतं ते मला माहीत आहे. पण मला बोट आहे, जीभ नाही.

परवा सेक्रेटरी येऊन गेले. मला एखाद्या संग्रहालयात द्यावं म्हणतात. काचेचं कपाट, वर दिवा, खाली पाटी. "निदान लोक बघतील तरी," म्हणाले. मैनाने त्यांना चहा दिला आणि मला पुन्हा खणात ठेवलं.

आज दुपारी तिने पुन्हा लामेद काढलं. मास्तरांचा हात आता पानासारखा हलका झालाय. ते म्हणाले, "गिमेल." आणि थांबून, एखादं पोर विचारतं तशा आवाजात, "बरोबर सांगितलं ना मी?"

मैनाने श्वास घेतला. मला वाटलं, आता तेच येणार.

"नाही, आजोबा. चुकलात."

मास्तरांचा चेहरा हलला नाही. "मग काय आहे ते?"

"लामेद."

"लामेद," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा जोरात, "लामेद." बंद डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. तिला पुसू देतील तर ना! हाताने तिला थोपवून म्हणाले, "कोण म्हणतं, एकालाही येत नाही? पुढचं काढ."

पुढचं तिने काढलं. त्याला मात्र उत्तर आलं नाही. त्यांना झोप लागली होती, की झोपेसारखं दुसरं काही, मला सांगता येत नाही. तळहात अजून उताणाच आहे, थोडा उबदार आहे. मैना मला धरून बसली आहे. गुंडाळी तिकडे कपाटात बांधलेलीच आहे. तिचा पट्टा सोडणारं कुणी येईल, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मला छातीच नाही.

पण माझं एक मागणं आहे. जे कुणी मला न्यायला येणार असाल, त्यांनी दारातच थांबा. काचेचं कपाट कुठे पळून जात नाही. दहा अक्षरं राहिलीत. तेवढा वेळ मला या पोरीच्या हातात राहू द्या.