पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये

२०१९च्या मोसमाचा आमचा हिशेब सोपा होता: एक सोडून सगळे सामने हरलो, आणि तो एक पावसाने वाचवला. उइटहॉर्न या डच गावातल्या होंकबल, म्हणजे बेसबॉल क्लबात सगळ्यात खालच्या गटातला सगळ्यात खालचा संघ आमचा. सगळे एकाच ऑफिसातले आणि सगळे जन्माचे क्रिकेटवाले. चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं, एवढंही जमेना. कप्तान अनुप तर बॅट घेऊनच पळायचा आणि बेस जवळ आला की पाय ठेवण्याऐवजी लांबून बॅट टेकवायचा, मोठ्या ऐटीत. समोरचा गडी त्याच्या पाठीला शांतपणे चेंडू लावून बाद करायचा. मग अनुप पंचाशी वाद घालायचा.

२०२०च्या मोसमाबद्दल मात्र आशा होती, आणि त्या आशेचं नाव रविकांत सर. अनुपचे वडील. जळगावच्या शाळेत आयुष्यभर पीटीचे मास्तर, मुलींचे सॉफ्टबॉल संघ घडवणारे. निवृत्त झाले तरी रोज सकाळी मैदानावर. फेब्रुवारीत मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले आणि मार्चमध्ये कोरोनामुळे विमानं बंद झाली. आमचा मोसमही एप्रिलवरून जुलैवर ढकलला गेला. देशाचं नुकसान झालं असेल, संघाचा फायदाच झाला.

सरांचा किती फायदा झाला, ते मला भिंतीपलीकडून दिसत होतं. अनुपचं घर आमच्या घराला चिकटून, तीन मजली आणि अरुंद. सर माळ्यावरच्या खोलीत झोपायचे, पण सकाळी तिथे अनुपची मीटिंग, म्हणून अंथरूण गुंडाळून खाली. मधल्या मजल्यावर सुनेची, जुईची मीटिंग. खालचा टीव्ही आवाज बंद करून बघायचा. खोकला आला तर सर मागच्या अंगणात जात, आणि त्या दिवसांत अंगणात कोणी खोकलं की शेजारची खिडकी लागायची. ती खिडकी आमची. दाराशी सरांच्या चपला कायम बाहेर तोंड करून ठेवलेल्या असत.

जूनमध्ये खास विमानं सुटू लागली. दूतावासात नाव नोंदवायचं, नंबर लागला की निघायचं. अनुपने जेवताना विचारलं, बाबा, तुम्हाला घाई नाही ना? सर म्हणाले, मला कसली घाई. जुई म्हणाली, तुम्ही गेलात तर घर खायला उठेल. सर म्हणाले, इथे छानच आहे सगळं. एकमेकांचं मन राखून तिघे आपापल्या मजल्यावर गेले. नाव कोणीच नोंदवलं नाही.

हे मला तिघांनीही सांगितलं, वेगवेगळं. जुई माझ्या बायकोकडे, शर्मिलाकडे, आमच्या ओट्याशी उभी राहून बोलली: घरात गाऊन घालून हिंडले त्याला किती दिवस झाले. अनुप सायकल ढकलत म्हणाला, जा म्हटलं तर हाकलल्यासारखं होईल. आणि सर कालव्याकाठी, दीड मीटर अंतर राखून म्हणाले, "जयेश, मला माझ्या गॅलरीत बनियनवर बसून मोठ्यांदा खोकायचंय रे. पण पोराला वाटेल, इथे काही कमी पडलं." तिन्ही बाजूंची बेरीज एकच येत होती. ती तिघांना सांगायची सोडून मी गप्प बसलो, कारण सर गेले की आम्ही पुन्हा बॅट टेकवणार.

सराव तेव्हा सुरू झाला होता, पण अंगाला हात लावायचा नाही. सरांनी आम्हाला कोंडीचा डाव शिकवला. धावणारा दोन बेसच्या मध्ये सापडतो, दोन्हीकडचे गडी चेंडू इकडून तिकडे फेकत जवळ येतात. आम्ही दीड मीटरवरून नुसतं 'आउट' म्हणायचो. अनुप दर वेळी मधेच थांबून दोन्हीकडे बघायचा. क्रिकेटमध्ये पलीकडचा 'नो' म्हणाला की परत फिरायची सवय. इथे सांगायला पलीकडे कोणी नसतो.

"एक बाजू ठरव आणि पळ," सर म्हणायचे. "मध्ये उभं राहून कोणी वाचलेलं मी पाहिलं नाही."

एका शनिवारी तोच सराव चालू असताना क्लबचा व्यवस्थापक विम कुंपणापाशी आला. त्याला प्रशिक्षकांची नावं पक्की करायची होती. त्याने सरांना इंग्रजीत विचारलं, सप्टेंबरपर्यंत आहात का, हो की नाही?

सर हसले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो, मी जरा जास्तच. अनुप दोन बेसच्या मध्ये हातात हेल्मेट घेऊन उभा. "राहा ना बाबा," तो म्हणाला, "आता कुठे जाता?"

सरांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा भाव आला. आता 'मला कसली घाई' येणार, मी मनात दुसऱ्या सामन्यापर्यंतचे गुण मोजले. पण विम वाट बघत होता, त्याला मन राखून घ्यायचं नव्हतं.

"नो," सर म्हणाले. "आय वाँट टू गो होम."

विम ओके म्हणाला आणि पुढच्या मैदानाकडे निघून गेला. त्याच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं.

परतताना बापलेक माझ्यापुढे रस्त्याच्या दोन कडांनी चालले होते. अनुपने विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"तू राहा म्हणत होतास."

"तसं म्हणायचं असतं ना, बाबा."

"मग? मलाही हो म्हणायचं असतं."

त्याच दिवशी नाव नोंदवलं. त्यानंतरही तीन आठवडे सर अंथरूण गुंडाळतच राहिले, कारण नंबर लागेना. फरक एवढाच, की आता खोकायला अंगणात जात नव्हते, आणि जुईने एका सकाळी त्यांच्यादेखत गाऊनवर चहा केला. नंबर लागला तो नेमका पहिल्या सामन्याच्या दिवशी. अनुप त्यांना विमानतळावर सोडून थेट मैदानावर आला. मी विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, "मी सवयीने म्हटलं, अजून थोडे दिवस राहिला असतात तर. तेही सवयीने हो म्हणणारच होते. मग हसायला लागले."

सामना हरलो, अपेक्षेपेक्षा कमी फरकाने. शेवटच्या डावात अनुप पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये सापडला. थांबला, बाकड्याकडे पाहिलं. तिथे फक्त पाण्याच्या बाटल्या होत्या. मग मान खाली घालून दुसऱ्या बेसकडे सुटला आणि हातभर अलीकडे बाद झाला. बॅट केव्हाच मागे टाकलेली होती. या वेळी पंचाशी वादही घातला नाही, गुडघ्याची माती झटकत आला आणि जळगावात आता किती वाजले असतील, ते मला विचारलं.