बिनकानाचा चेरमन

साहेब, ती खोली तुम्ही बंद केलीत. दुसऱ्या कुणी नाही, जिल्हा दूध संघाचे साहेब म्हणून तुम्ही. पेंडीची पोती ठेवायला जागा हवी म्हणून कुलूप ठोकलंत आणि कागदावर लिहिलंत, की इथं उपचाराच्या नावाखाली मोठी माणसं चिखल खेळतात. खेळत होती, खरंय. ते तुम्हाला कुणीतरी येऊन सांगितलं. का खेळत होती, ते मात्र तुम्ही विचारलं नाही. तुम्हाला विचारायची सवय असती तर मला हे लिहीत बसावं लागलं नसतं. तेव्हा आता जीपमधून उतरा, सतरंजीवर बसा आणि तात्यारावाची गोष्ट ऐका.

अणदूरपासून कोसभर आत गाव. साल शहाऐंशी. पाऊस दोन वर्षं रुसलेला, पाझर तलावाच्या तळात पोरं क्रिकेट खेळायची आणि चेंडू भेगेत गेला की डाव संपायचा. गावात दूध नव्हतं, पण दूध सोसायटी होती. सोसायटी होती म्हणून चेरमन होता आणि तो तात्याराव होता.

तात्यारावाचा आवाज असा, की सभेला भोंगा लावला तर लोक लांब सरकून बसायचे. त्याची सभा चालवायची रीत अख्ख्या तालुक्याला माहीत. ठराव वाचायचा, "कुणाची हरकत?" विचारायचं आणि त्याच दमात "मंजूर" म्हणायचं. हरकत आणि मंजूर यांच्यामधे माशीला बसायलासुद्धा जागा नसायची. सेक्रेटरी पिराजी तर सभेच्या आदल्या दिवशीच "सर्वानुमते मंजूर" लिहून मोकळा व्हायचा. सभेच्या दिवशी तो शांतपणे दात कोरत बसे.

घरात तेच. "आज पिठलं. हरकत? मंजूर." "पाव्हणे येणार. हरकत? मंजूर." बायको सुमनबाई ठराव झाला की कामाला लागायची. गप्प बसलेल्या माणसाला सगळं पटलेलं असतं, अशी तात्यारावाची पक्की समजूत होती. साहेब, ही समजूत तुमच्याकडूनच आलेली आहे, पण ते पुढं बघू.

सुमनबाईची एक देवणी गाय होती, मैना. माहेरच्या गाईची वासरी, तिनं हातानं चारा घालून वाढवलेली. त्या साली सोसायटीनं ठराव केला, की भाकड जनावरं गावात ठेवायची नाहीत, कडबा दुभत्यांना पुरेना. मैना भाकड झालेली, आणि चेरमनचंच जनावर आधी गेलं पाहिजे, नाहीतर लोक नावं ठेवतील. तात्याराव जेवायला बसला. सुमनबाई चुलीपुढं होती, लाकडं नीट वाळलेली नव्हती, तिनं फुंकणी तोंडाला लावलेली.

"मैनेला बाजारात धाडायचं ठरलंय," तात्याराव शेवटचा घास मोडत म्हणाला. "हरकत? मंजूर."

आता फुंकणी तोंडात असताना माणूस हरकत कशी घेणार? तिनं फुंकणी खाली ठेवली तोवर चेरमन हात धुऊन बाहेर पडला होता. सकाळी ती चतकोर भाकरी घेऊन गोठ्यात गेली, तर तिथं खुंटा होता आणि दावं होतं.

त्या दिवसापासून सुमनबाई बोलली नाही.

चेरमनला हे कळायला बराच काळ गेला, कारण घरात बोलायचं काम त्याच्याकडंच होतं. शेवटी शेजारच्या विठाबाईनं त्याला गल्लीत गाठलं.

"तात्या, वैनी बोलंना झाल्यात."

"कवापासनं?"

"मैना गेल्यापासनं."

"म्हंजे दिवाळीच्या आधीपासनं? मला वाटलं तिला समदं पटाय लागलंय."

"पटाय लागलंय," विठाबाई म्हणाली. "खुंट्याला बी तुमचं समदं पटतंय. त्यो बी काय बोलंना."

मग चेरमनचे उपाय सुरू झाले. अंगारा झाला. गंडा झाला. काहीच लागू पडेना, तेव्हा त्यानं त्याला येत होतं तेच केलं. सभा बोलावली आणि ठराव मांडला: "सौ. सुमनबाई यांनी विनाविलंब बोलावे. सूचक तात्याराव, अनुमोदक पिराजी." ठराव अर्थातच सर्वानुमते मंजूर झाला. ठरावाची प्रत पिराजीनं सुमनबाईच्या हातात नेऊन दिली. तिनं ती नीट घडी घालून चुलीत सारली. त्या दिवशी चूल फुंकणीशिवाय पेटली.

हसू नका. माणूस आतून हादरला होता. ताट वेळेवर येत होतं, पाणी तापत होतं, पण घर रिकाम्या रांजणासारखं वाजत होतं. तो टोपी विसरून बाहेर निघाला की सुमनबाई आतून म्हणायची, "अवं, टोपी." आता ते म्हणणारं कुणी नव्हतं. एकदा तो तालुक्याच्या सभेला तसाच बोडक्यानं गेला आणि सभेत कुणीतरी त्याला शिपाई समजून पाणी आणायला सांगितलं. परत येताना एसटीत बसून त्याच्या ध्यानात आलं, की त्याला या जगात फक्त एक शब्द पाहिजे होता, बायकोच्या तोंडचा. शिवी असली तरी चालली असती.

त्याच सुमाराला शांताक्का आली. उमरग्याकडची, बोलण्यात कन्नडचा हेल, मनाची डॉक्टरीण. दर गुरुवारी यायची. सोसायटीचं पेंडीचं गोदाम रिकामंच होतं, तात्यारावानं हरकत-मंजूर करून ते तिला दिलं. शहाण्या कामाचा हा त्याचा एकमेव ठराव, आणि तोही न विचारता केलेला.

गुरुवारी तो बायकोला घेऊन गेला आणि खोली बघून चकित झाला. सुई नाही, मशीन नाही, कपाट नाही. एक सतरंजी, चिंध्यांच्या बाहुल्या, एक डफ, सागरगोटे आणि घमेल्यात तलावातला काळा गाळ. पाणी जपायचं म्हणून गाळ भिजवायला भांडी विसळलेलं पाणी घ्यायचे.

"हिला इंजेक्शन द्या," तात्याराव म्हणाला. "जोराचं."

"बसा चेरमन," शांताक्का म्हणाली. "बोलू नका."

"किती येळ?"

"आताच बोललात की."

चेरमन बसला. गप्प बसणं म्हणजे काय ते त्याला पहिल्यांदा कळलं. घाम फुटला, कानात गरम वाफ आली, पोटात दोनतीन ठराव तयार होऊन धडका द्यायला लागले. शेवटी त्याच्यानं राहवेना. "मी म्हंतो हिनं आता बोलावं. कुणाची हरकत?"

"हितं सभा नाही हो," शांताक्का शांतपणे म्हणाली. "हितं काहीच मंजूर होत नाही. तिला खेळू द्या."

सुमनबाई घमेल्यापाशी सरकली होती. गाळ हातात घेतला, दाबला, वास घेतला. पोळ्याला बैल करतात तसे तिचे हात चालायला लागले. पण बैल होईना, माणूस झाला. पोट झालं, धोतर झालं, टोपी झाली. मग तोंड झालं, आणि ते असं उघडं, की त्यात लिंबू बसलं असतं. तिनं बाहुला चेरमनच्या पुढं ठेवला आणि हात पुसले.

तात्यारावानं तो चहूबाजूंनी बघितला. "मीच हाय," तो म्हणाला. "बराय. पर कान ऱ्हायलं."

शांताक्का सागरगोटे गोळा करायला लागली.

"डॉक्टरीणबाई, कान ऱ्हायलं की माजं."

"मी नाही घडवला. जिनं घडवला तिला विचारा."

त्यानं बायकोकडं बघितलं. तिनं भिंतीकडं बघितलं. चेरमन त्या दिवशी बिनकानाचा घरी आला आणि त्याला झोप म्हणून लागली नाही. तोंड मोठं केलं त्याचं काही नाही, पुढाऱ्याचं तोंड मोठंच असतं. पण कानच नाहीत म्हणजे काय? सारखा स्वतःचे कान चाचपून बघत होता. जागेवर होते.

पुढच्या गुरुवारी तो आधीच जाऊन बसला. पुन्हा गप्प. पुन्हा घाम. सुमनबाईनं आता गाय केली, मैना, शिंगं अगदी तशीच मागं वळलेली. केली आणि मोडली. पुन्हा केली, पुन्हा मोडली. तात्यारावाला विचारावंसं वाटत होतं की एवढी चांगली गाय मोडतीस कशाला, पण शांताक्कानं बोट ओठावर ठेवलं.

मग सुमनबाई उठली. कोपऱ्यात गोदामातली उरलेली कडब्याची पेंढी होती, ती उचलली आणि आणून नवऱ्याच्या पुढं टाकली. खोलीत दोरी पडली होती, ती त्याच्या गळ्यात घातली.

"हे काय?" चेरमन म्हणाला.

"खेळ," शांताक्का म्हणाली. "तुम्ही मैना."

"मी चेरमन हाय."

"गुरुवारी नाही."

साहेब, इथंच तुमच्या माणसानं खिडकीतून बघितलं असणार. दूध सोसायटीचा चेरमन, धोतर आवरून, चार पायांवर, गळ्यात दावं, पुढ्यात कडबा. हे बघून तुम्ही लिहिलंत, पोरखेळ. अजून जरा वेळ थांबला असता तुमचा माणूस, तर पुढचं ऐकलं असतं.

तात्यारावानं हंबरायला तोंड उघडलं. सुमनबाईनं त्यात कडबा सारला. आता तोंडात कडबा असताना माणूस काय बोलणार? तो तसाच उभा राहिला. सुमनबाई त्याच्या मानेखाली खाजवायला लागली, गाईच्या गळ्याची लोंबती पोळी खाजवतात तशी, हळूहळू. आणि वाकून त्याच्या कानात बोलली.

"मैने," ती म्हणाली. दिवाळीच्या आधीपासून न वापरलेला आवाज, गंजलेल्या कडीसारखा. "मैने, म्या न्हाय धाडलं तुला. मला कुणी इचारलंच न्हाय. माज्या तोंडात फुंकणी हुती गं. तुला वाटलं आसंल, हिनंच धाडलं. गाडीत चढताना मागं बघितलं आसशील तू. म्या दारात बी नव्हते."

चेरमनच्या तोंडात कडबा होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कडब्यामुळं नव्हतं. "कुणाची हरकत" हे त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, त्याच्याच आवाजात, पण खालून, चुलीच्या बाजूनं.

सुमनबाईनं दावं सोडलं. मागच्या गुरुवारचा बाहुला घेतला आणि त्याला दोन कान लावले. माणसाचे नाही. लांब, लोंबते, देवणी गाईचे.

तात्याराव तो बाहुला छातीशी धरून गावातून घरी निघाला. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी हटकलं.

"गणपती का?"

"न्हाय. मी हाय."

"आन कान कुणाचं?"

"मैनेचं," चेरमन म्हणाला आणि चालत राहिला.

पण घोळ असा, की सुमनबाई गाईशी बोलली होती, नवऱ्याशी नाही. घरी पुन्हा गप्प. चेरमननं डोकं लढवलं. संध्याकाळी गोठ्यात खुंट्यापाशी चार पायांवर उभा राहिला आणि मोठ्यानं हंबरला. विठाबाई भिंतीवरून डोकावली.

"तात्या, पाठवू का पेंड?"

सुमनबाई दारात आली, बघितलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसली होती. शब्द नाही मिळाला, पण हसू मिळालं. तेवढ्यावर चेरमननं चार दिवस काढले.

शांताक्काला त्यानं विचारलं, "तुमी नेमकं करताय काय? औषिद तर काय दिसंना."

"ऐकते," ती म्हणाली. "माणूस खेळायला लागला की आत अडकलेलं हाताला येतं. मी फक्त घाई करत नाही."

गुरुवारी आता गावातल्या बाया यायला लागल्या. कुणी डफ वाजवी, कुणी सागरगोटे खेळत रडे, कुणी चिंधीच्या सासूला झोपवून ठेवी आणि हलक्या मनानं घरी जाई. आणि तेव्हाच, साहेब, तुमची जीप आली.

सभा तुम्हीच बोलावलीत. खोली पेंडीला परत, डॉक्टरीण बंद. ठराव तयार करूनच आणलात. तात्यारावाच्या हातात दिलात आणि म्हणालात, "घ्या चेअरमन, मंजूर करून. मला पुढं भूमला जायचंय."

तात्याराव उठला. भोंगा चालू होता. त्यानं ठराव वाचला आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

आणि थांबला.

त्या गावात हे कधी घडलं नव्हतं. पिराजीनं मंजूर आधीच लिहून ठेवलेलं, त्याचं दात कोरणं थांबलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. भोंग्यातून नुसती खरखर. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि म्हणालात, "अहो, म्हणा मंजूर." तात्यारावाला घाम फुटला, मान लाल झाली, टोपी घसरून पायाशी पडली. मंजूर त्याच्या दातांपर्यंत आलं होतं. त्यानं तोंडात कडबा धरल्यासारखे ओठ मिटले आणि बायांच्या बाजूला बघत उभा राहिला.

सुमनबाई उठली.

"हरकत हाय," ती म्हणाली.

पिराजीच्या हातातली काडी पडली. हरकत कुठल्या रकान्यात लिहायची, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"माजी गाय मला न इचारता गेली," सुमनबाई म्हणाली. "ती काय आता यायची न्हाय. ही खोली बी तशीच न्यायला आलाय. आमी तिथं बोलाय शिकलो. तुमच्या पोत्याला बोलाय येतं का?"

विठाबाई उठली. तिच्यामागं सगळी बायांची बाजू उठली. तात्यारावानं भोंग्याचा माईक काढून खाली वाकून बायकोपुढं धरला. स्वतः एक शब्द बोलला नाही. आणि सुमनबाईनं त्या माईकात, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हटलं:

"अवं, टोपी."

त्यानं टोपी उचलली. झटकली. घातली. लोक म्हणतात चेरमन तेव्हा रडला. रडू द्या की.

तुम्ही मात्र उठलात. "निर्णय वरून झालेला आहे," म्हणालात, जीप सुरू केलीत आणि संध्याकाळी कुलूप आलं. पेंड आजतागायत आलेली नाही. कुलपाआड सतरंजी आहे, डफ आहे, आणि घमेल्यात गाळ वाळून भेगाळत चाललाय. शांताक्का गुरुवारी येते, बाया पारामागं बसतात, उघड्यावर. तात्यारावाच्या घरात कोनाड्यात तो बाहुला आहे, लांब कानांचा. दर गुरुवारी सुमनबाई सवाल सांगते आणि चेरमन मान खाली घालून तुम्हाला पत्र लिहितो. स्वतःचं काही घुसडत नाही; उत्तर येईना म्हणून बाकीची गोष्ट मी लिहिली. सवाल एकच आहे, साहेब: निर्णय वरूनच झाला होता, तर कुणाची हरकत आहे का, हे विचारायला सभा कशाला बोलावलीत?

उत्तर द्या.