टोकाची खोली

मैनाने पदर पुढे ओढला आणि सगळ्या बायकांच्या मागे, चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून ती खाली बसली. पुढे साहेबांसाठी बाकडे मांडले होते. कोंडाजी मुकादम त्यावरची धूळ पुन्हा पुन्हा पुसत होता आणि पुसता पुसता मान वळवून तिच्याकडे बघत होता. काही झाले तरी आज तोंड उघडायचे नाही, असे त्याने तिला सकाळीच बजावले होते.

बजावण्याला कारणही तसेच होते. कर्जतबाहेर, कडावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मजुरांची ही सरकारी लाइन होती. कुडाच्या भिंती, वर पत्रे, आणि पावसाळ्यात आतबाहेर सारखाच चिखल. खोली मिळायची ती रस्त्याच्या कामावर असलेल्या माणसाला. मैनाचा नवरा गोमा गेल्या शिमग्यात तापाने गेला, तेव्हाच टोकाची खोली तिची राहिली नव्हती. पण कोंडाजीने ते वर कळवलेच नाही. गोमा आणि तो एका ढिगावर बसून खडी फोडलेले. त्याच्या बायकोला उघड्यावर काढायला कोंडाजीची जीभ रेटली नाही. हजेरी एका साहेबाकडे, खोल्या दुसऱ्याकडे, आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून तर हे चालून गेले. आता बिंग फुटले तर मैनाची खोली जाणार होतीच, सोबत कोंडाजीची मुकादमीही. उलट ही लाइन पाडून नवी बांधून होईपर्यंत गुपचूप निभावले, तर जुन्या खोलीच्या जागी तिला नवी, कौलारू खोली मिळणार होती आणि मरेपर्यंत कुणी विचारणार नव्हते.

मोटार आली. ओव्हरसियर साहेब उतरले, मागोमाग गावच्या स्त्रीमंडळाच्या इंदूबाई उतरल्या. स्वराज्य आले आहे, तर ज्यांना राहायचे आहे त्यांना विचारूनच घरे बांधा, असा हट्ट या बाईंनी वरपर्यंत धरला होता. साहेबांना तो हट्ट फारसा पटला नव्हता, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाकड्यावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि कोणती खोली कुठे येणार ते समजावून सांगितले.

मग इंदूबाईंनी विचारले, कुणाला काही सांगायचे आहे का?

कुणालाच नव्हते. पुरुष म्हणाले, साहेब करतील ते बरेच करतील. बायका पदराआड हसल्या. आजवर त्यांना कुणी काही विचारले नव्हते, आणि विचारल्यावर बोलायचे असते ही सवय एका सकाळीत कुठून लागणार? इंदूबाईंचा चेहरा पडला. कोंडाजी मात्र पहिल्यांदाच मोकळा श्वास घेताना दिसला.

नकाशा गुंडाळता गुंडाळता साहेब सहज म्हणाले, की न्हाणी सगळ्यांत मिळून एकच, पुढे, रस्त्याच्या नळाजवळ. भिंतींचा खर्च नको म्हणून ती उघडीच राहील.

बायकांचे हसू थांबले. रस्त्यावरून दिवसभर लॉऱ्या जात. ड्रायव्हर नळाशी थांबत, पाणी पीत, आणि प्यायल्यावरही रेंगाळत. कोंडाजीची सून सुंदरा, लग्न होऊन वर्षही न झालेली पोर, काही बोलायला गेली आणि सासऱ्याकडे बघून गप्प बसली. मैनाने वाट पाहिली. कुणीतरी बोलेल, कुणीतरी बोलेल, असे ती मनात घोकत राहिली. साहेब नकाशाला दोरी बांधू लागले.

"साहेब, न्हाणी रस्त्यावं नको."

सगळ्या माना मागे वळल्या. कोंडाजीने डोळे मिटून घेतले.

"बायांनी काय लॉरीवाल्यांम्होरं न्हायाचं? न्हाणी मागं पायजे. आन् तिला चार भिती पायजेत."

एकदा बोलल्यावर तिला थांबता येईना. उंबरा उंच हवा, नाहीतर वरच्या शेतातले पाणी सरळ चुलीत येते. चुलीच्या वर धुराला वाट हवी, पोरांचे डोळे जातात. तिला फार बरे वाटत होते, खोटे कशाला सांगा. गोमा असतानाही तिचे एवढे बोलणे कुणी एका जागी बसून ऐकले नव्हते. साहेबांनी नकाशा पुन्हा उलगडला आणि पेन्सिलीने मागच्या बाजूला एक चौकोन काढला. इंदूबाई तर आनंदाने उठून तिच्यापाशीच आल्या.

"किती नेमकं बोलता हो तुम्ही! बायकांतर्फे पंच म्हणून तुमचंच नाव घालू या. तुमची खोली कोणती? यजमानांचं नाव काय?"

मैनाने कोंडाजीकडे पाहिले. त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते. शेजारी त्याची म्हातारी आई होती, सुंदरा होती.

"मी हितली नाय, बाय," मैना म्हणाली. "पावनी हाय. कडावची."

तोंडात आले ते गाव तिने सांगितले. कडावला तिचे माहेर होते. भाऊ वारल्यापासून तिथे तिला ये म्हणणारे कुणी उरले नव्हते.

इंदूबाई हसून बायकांना म्हणाल्या, की पाहुणीला कळते ते घरच्यांना कळू नये का? त्या हसण्यात कुणी सामील झाले नाही. साहेबांनी मात्र, सूचना पाहुणीची असली तरी न्हाणी मागेच होईल, असा शब्द दिला. मग त्यांनी नकाशावर पेन्सिल टेकवली.

"मुकादम, या टोकाच्या खोलीत कोण राहतं?"

कोंडाजीने मैनाकडे पाहिले. तिने मान किंचित हलवली.

"रिकामी हाय साहेब. मानूस गेला तिथला."

"मग झालंच तर. ती काढली की न्हाणीला जागा झाली. उद्या पाडायला तिथूनच सुरुवात करा."

चहा झाला. मोटार कडाववरूनच पुढे जाणार होती. एवढ्या उन्हात पाहुणीला चालत जाऊ द्यायला इंदूबाई तयार होईनात. मी जाईन सावकाश, असे मैना दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हटले तर साहेबांना नवल वाटेल, हे तिच्याच ध्यानात आले, आणि ती मोटारीकडे चालू लागली.

कोंडाजीने दार उघडून धरले.

"तुमचं सामान कुठं आहे?" इंदूबाईंनी विचारले.

टोकाच्या खोलीत तिची चूल होती, भांडी होती, गोमाची घोंगडी होती. लाइनीतल्या सगळ्या बायका तिकडे न बघता उभ्या होत्या.

"रिकाम्या हातानंच आलते," मैना म्हणाली, आणि आत बसली.