आश्रुबांचं तोंड

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'ए' ग्रेड मिळाल्यापासून दहावीतल्या वनमालाचा एकच पाय जमिनीवर असायचा, दुसरा हवेत. म्हणून रामप्रसाद सरांनी फाट्यावरच्या शाळेच्या भिंतीवर अख्ख्या गावाची तोंडं काढायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी बाह्या सरसावल्या त्या तिनेच.

सरांचा नियम साधा होता. दोघांनी भिंतीला खेटून समोरासमोर बसायचं आणि कोळशाने एकमेकांचं तोंड काढायचं. येत नसलं तरी काढायचं. खाली नाव लिहायचं, दुसरं काही नको. सरपंचीणबाईंनी टपरीवाल्याला काढलं, टपरीवाल्याने त्यांना. दोघंही वांग्यासारखे निघाले आणि दोघंही खूश. वनमालाच्या वाट्याला शेरडं राखणारे आश्रुबा आले.

आश्रुबांनी एक गोल काढला, दोन ठिपके, दोन वेण्या आणि त्यात हे मोठ्ठं उघडं तोंड. "तू गप बसतीस कुठं," म्हणाले. मग स्वतःच गप्प न बसता लेकीचं सगळं सांगून बसले. संगीता चौसाळ्याला दिलेली. तीन वर्षांमागे तिची आई बायनाबाई गेली, तेव्हा संगीताला नववा महिना. पोटुशीला असलं कळवू नये म्हणून जाणत्यांनी अडवलं आणि आश्रुबांनी ऐकलं. बाळंतपणानंतर कळलं तेव्हा संगीता फोनवर म्हणाली, आईचं तोंड पाहू दिलं नाहीत, आता तुमचंही पाहणार नाही. नातू तीन वर्षांचा झाला, आश्रुबांनी त्याला अजून पाहिलेलं नव्हतं.

"माझं तोंड चांगलं निघू दे," ते म्हणाले. "रोडवरनं जाताना तिला दिसंल तरी."

निघालं, आणि काय निघालं! कपाळावरच्या आठ्या, मिशीचं झुकलेलं टोक, हसू आवरताना बारीक होणारे डोळे. सर बराच वेळ बघत राहिले. पण वनमालाचं मन भरेना. एवढ्या तोंडांत आपलं उठून नको का दिसायला? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने पिवळा रंग आणला आणि चित्राभोवती झेंडूची अशी टपोरी माळ काढली, की येणारी जीप हळू व्हावी.

जीप हळू झालीच. जीपवाला नाथा चौसाळ्याकडे भाडं घेऊन निघाला होता. त्याने फोटो काढला आणि 'आमच्या गावचे आश्रुबा' असं लिहून कौतुकाने स्टेटसला टाकला. पण काळं-पांढरं तोंड, भोवती झेंडूचा हार, खाली नाव! आपल्याकडे असं चित्र कुणाचं लावतात ते शेंबड्या पोरालाही कळतं. कळलं नाही ते ए ग्रेडवाल्या वनमालाला. फोटो या फोनवरून त्या फोनवर गेला, बघता बघता त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि ती चौसाळ्यापर्यंत पोचली. खरंखोटं विचारायला संगीताकडे बापाचा नंबर राहिला नव्हता.

शाळा सुटली तेव्हा वनमाला मैत्रिणींना झेंडू दाखवत होती. आश्रुबा शेरडं घेऊन शेजारीच टेकले होते. तेवढ्यात एक बाई पोराला कडेवर घेऊन हंबरडा फोडत जीपमधून उतरली, भिंतीकडे धावत सुटली, आणि तिच्यासमोर आश्रुबा उठून उभे राहिले.

संगीताने आधी त्यांचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. गाल, मिशी, कपाळ. आश्रुबांनी नातवाकडे हात पुढे केला. तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली, हारावर थांबली, आणि तिचे हात खाली आले.

"आई गेली तवा खरं सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "आन् आता खोटं सांगून बोलवून घेतलं."

वनमाला तीन हातांच्या अंतरावर उभी होती. ती फुलं मी काढली, एवढंच म्हणायचं होतं. पण सर बघत होते, मैत्रिणी बघत होत्या, आणि वर्गात कुणाच्या बापाला न ऐकणारी तिची जीभ टाळ्याला चिकटली. आश्रुबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही. "तसं न्हाई गं माय," एवढंच पुटपुटले. जीप उभीच होती. नातू मागच्या काचेतून शेरडांकडे बघत गेला.

दिवस मावळायच्या आत वनमालाने नाथाकडून नंबर मिळवला आणि आश्रुबांच्या अंगणाच्या कडेला उभं राहून फोन लावला. सगळं सांगितलं, झेंडूसकट.

"तू काढलीस, तर तिथं कावून बोलली न्हाईस?"

"भ्याले, ताई."

"मग आता बोलतीस ते तरी खरं कशावरनं?"

फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

आश्रुबा बाजेवरून उठून जवळ आले. काय म्हणाली, असं त्यांनी तोंडाने विचारलंच नाही. पण ते तोंड वनमालाने ओळन् ओळ काढलं होतं. कुठली आठी कशाने हलते ते तिला ठाऊक होतं.

"येते म्हणाल्या," वनमाला म्हणाली. "सवड झाली की."

सकाळी ती शाळेला निघाली तर आश्रुबा फाट्यावर बसलेले. धुतलेलं धोतर, ताजी दाढी, हातात नातवासाठी गोडीशेवेची पुडी. चौसाळ्याकडून जीप आली की उठून उभे राहायचे, जीप गेली की बसायचे. वनमाला रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने शाळेत गेली.